पहिली मिळकत आणि पेढीचे भांडवल

अक्षय्य तृतीया हा आपल्याकडे वर्षीतपाच्या पारण्याचा दिवस. भगवान ऋषभदेवांनी दीर्घ तपानंतर श्रेयांसकुमारांच्या हातून इक्षुरस स्वीकारला, त्याचे स्मरण आपण या दिवशी करतो. बाजाराच्या लेखी मात्र तो साडेतीन मुहूर्तांपैकी एक, आणि म्हणून घरखरेदीचा दिवस. सकाळी वृत्तपत्र उघडावे तर पहिल्या दोन पानांवर गृहप्रकल्पांच्या जाहिराती. बातमी शोधावी लागते. एकीकडे त्यागाचे पारणे आणि दुसरीकडे संग्रहाचा मुहूर्त, हा योगायोग मला दरवर्षी गमतीचा वाटतो. त्याच सुमारास समाजातील दोन-तीन तरुण हटकून भेटतात आणि विचारतात, "काका, गुंतवणूक म्हणून पहिला फ्लॅट घ्यायचा आहे. कोणत्या भागात घ्यावा?"

भाग कोणता, मजला कोणता, पूर्वाभिमुख की उत्तराभिमुख, हे प्रश्न गौण नाहीत. परंतु मी त्यांना आधी वेगळेच विचारतो : पैसा कोणत्या खात्यातून जाणार आहे? या प्रश्नावर बहुतेक वेळा क्षणभर शांतता पसरते. कारण उत्तर असते, "पेढीतून".

नोकरदार तरुणाच्या बाबतीत हिशेब सरळ असतो. पगार ठरलेला, हप्ता ठरलेला, उरेल त्यात संसार. व्यापारी कुटुंबातील मुलाचे तसे नसते. त्याच्या हातात खेळणारा पैसा हा उत्पन्न नसून बहुतांशी भांडवल असतो, आणि त्यातलाही पुष्कळसा भाग बँकेचा किंवा माल पुरवणाऱ्याचा असतो. गल्ल्यात दिसणारी रक्कम आपली आहे असे मानून त्याने पहिली मिळकत घेतली, तर ती मिळकत त्याची न होता पेढीच्या डोक्यावरचे ओझे होते. मिळकत घेऊ नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. मात्र ती नफ्यातून घ्यावी, भांडवलातून घेऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे आणि त्यासाठीच आजचा लेख.

प्रथम एक हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापल्या गावाप्रमाणे वाचकांनी ते बदलून घ्यावेत.

पुण्यात ५० लाख रुपयांची तयार, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली सदनिका घेतली असे समजा. मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी शुल्क ३० हजार. वकील, दलाली, कर्जाचे प्रक्रिया शुल्क, पंखे, जाळ्या, रंग धरून आणखी १ लाख २० हजार. एकूण खर्च ५५ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांवरील आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांहून अधिक देऊ शकत नाही, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही. म्हणजे कर्ज ४० लाख आणि पदरचे १५ लाख. जाहिरातीत '२० टक्के भरा' असे म्हणतात तेव्हा हे वरचे पाच लाख त्यात नसतात.

साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर हप्ता येतो ३४,७१३ रुपये. अशा सदनिकेचे भाडे १५ हजार धरू. वर्षात एक महिना जागा रिकामी राहतेच, म्हणून अकरा महिन्यांचे १ लाख ६५ हजार. त्यातून सोसायटीची वर्गणी ३० हजार, मालमत्ता कर १२ हजार, किरकोळ दुरुस्ती ८ हजार वजा केली की हाती राहतात १ लाख १५ हजार. ५५ लाखांवर हे सव्वादोन टक्केसुद्धा होत नाहीत. हप्ता आणि निव्वळ भाडे यांत दरमहा सुमारे २५ हजारांचे अंतर उरते. वर्षाचे तीन लाख. हे अंतर कोण भरणार, हाच खरा प्रश्न.

पुढे जाऊन पाहा. पाच वर्षांत हप्त्यांपोटी २० लाख ८३ हजार रुपये भरले जातात आणि मुद्दल फिटते अवघे पावणेपाच लाख. कर्ज अजून सव्वापस्तीस लाखांच्या घरात असते. सुरुवातीचे १५ लाख, पाच वर्षांत भाड्याखेरीज खिशातून गेलेले १५ लाख आणि उरलेले कर्ज अशी बेरीज केली, तर ती सदनिका सव्वापासष्ट लाखांना विकली गेली तेव्हा कोठे आपण बरोबरीत येतो. त्यासाठी किंमत दरवर्षी साधारण साडेपाच टक्क्यांनी वाढायला हवी, आणि स्वतःच्या पैशावर एक रुपयाही व्याज धरलेले नाही. भाडे वाढले तर थोडा दिलासा मिळतो. किंमत याहून वेगाने वाढतही असेल. काही भागांत वाढलेली आहे, काही भागांत दहा-दहा वर्षे हललेलीही नाही. तरुणाने एवढे तरी जाणून घ्यावे की तो भाड्यासाठी सदनिका घेत नसून किमतीच्या वाढीवर पैज लावत आहे. पैज लावणे गैर नाही. परंतु हरलो तर काय, याचे उत्तर आधी असावे.

करसवलतीवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. नव्या करप्रणालीत भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याज भाड्याच्या उत्पन्नापुरतेच वजा होते. उरलेला तोटा व्यापाराच्या नफ्यातून वळता करता येत नाही. जुन्या प्रणालीत तो वर्षाला दोन लाखांपर्यंत वळता करता येतो. आपण कोणत्या प्रणालीत आहोत हे सनदी लेखापालांना विचारल्याखेरीज 'कर वाचतो' हे वाक्य उच्चारू नये.

आता पेढीकडे वळू. आपल्यापैकी अनेकांचे कॅश क्रेडिट, म्हणजे सी.सी. खाते असते. मालाच्या आणि येण्याच्या तारणावर दिलेली ती खेळत्या भांडवलाची मर्यादा. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचे, त्यावरून उचल करण्याची मर्यादा ठरते. माल विकला की पैसा परत खात्यात यावा आणि पुन्हा मालासाठी निघावा, अशी ती रचना. हा पैसा विटा-सिमेंटमध्ये घातला की तो परत येत नाही. बँकेच्या भाषेत याला निधी अन्यत्र वळवणे म्हणतात. आपल्या आजोबांनी ते अधिक सोप्या शब्दांत सांगितले असते : फिरता पैसा अडकवला.

सेवेत असताना मी हा प्रकार अनेकदा पाहिला. त्यातील एक प्रकरण मनात राहिले आहे. भुसार मालाची चांगली चाललेली पेढी होती, चाळीस लाखांची मर्यादा, वडिलांचा व्यवहार चोख. मुलगा शिकून परत आला, हुशार होता, आणि त्याने मोठ्या शहराच्या वेशीवर बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात सदनिका नोंदवली. पदरची रक्कम सी.सी. खात्यातून गेली. पहिले वर्ष निभावले. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक सुरू झाली. हंगामाच्या तोंडावर भाव उतरलेला असतो आणि रोखीने माल उचलणाऱ्यालाच तो भाव मिळतो. या पेढीकडे उचल करायला मर्यादाच शिल्लक नव्हती. समोरचे गाळे भरत होते आणि यांची वखार अर्धी रिकामी. प्रकल्प लांबला होता, भाडे सुरू झाले नव्हते, व्याज मात्र सुरू होते. शेवटी वडिलांनी ती नोंदणी तोट्यात दुसऱ्याच्या नावे करून दिली आणि पेढी सावरली. सावरली हे महत्त्वाचे. सगळ्याच सावरत नाहीत.

या गोष्टीतला तोटा कागदावर दिसत नाही, म्हणून तो मोजून दाखवतो. पेढीतून १५ लाख काढले. ही रक्कम वर्षातून पाच वेळा फिरत असेल तर ७५ लाखांची उलाढाल झाली. खर्च वजा जाता तीन टक्के सुटत असतील तर सव्वादोन लाखांचा नफा. वरच्या उदाहरणातील सदनिकेचे वर्षाचे निव्वळ भाडे होते १ लाख १५ हजार. म्हणजे सव्वादोन लाख देणारे भांडवल काढून आपण ते अशा ठिकाणी ठेवले जेथे त्याच्या निम्म्याच्या आसपास मिळते, आणि त्या मिळकतीवर चाळीस लाखांचे कर्जही उभे. ज्याच्या पेढीत पैसा वर्षातून एकदाच फिरतो, किंवा माल पडून राहतो, त्याचा हिशेब वेगळा येईल. त्याच्यासाठी पैसा बाहेर काढणे शहाणपणाचेही ठरेल. म्हणूनच प्रत्येकाने स्वतःचा आकडा मांडावा, शेजाऱ्याचा नव्हे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पेढी एकल मालकीची असेल तर कायद्याच्या दृष्टीने पेढी आणि मालक एकच. एकाच कर्जदाराचे एक खाते ९० दिवसांच्या थकबाकीमुळे अनुत्पादक ठरले, तर त्या बँकेतील त्याची सर्व खाती अनुत्पादक धरली जातात. गृहकर्जाचे तीन हप्ते चुकले आणि त्यामुळे दुकानाची सी.सी. गोठली, असे घडू शकते. वडील जामीनदार असतील तर त्यांच्या पतनोंदीतही ते उमटते. मुलाची पहिली मिळकत पेढीपासून शक्यतो वेगळी असावी, असे मी सांगतो ते याचसाठी : वेगळे खाते, वेगळी बँक, आणि वडिलांचे राहते घर तारणात मुळीच नको.

मग पैसा आणावा कोठून? येथे आपल्या घरांतील एका जुन्या सवयीला हात घालावा लागतो. मुलगा बावीसाव्या वर्षी गादीवर बसतो, सकाळी आठ ते रात्री नऊ राबतो, आणि त्याच्या नावावर उत्पन्न शून्य. 'सगळे त्याचेच तर आहे' हे वडिलांचे म्हणणे खरे असते. पण बँक त्या वाक्यावर कर्ज देत नाही. तिला साधारणपणे तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे हवी असतात. ज्या दिवशी मुलगा किंवा मुलगी पेढीत बसू लागते, त्या दिवसापासून तिला रीतसर पगार द्यावा, किंवा भागीदार करून मोबदला द्यावा. तो बँकेतून द्यावा, आणि त्यावर जो कर येईल तो भरावा. तीन-चार वर्षांत त्या खात्यात जे साठेल ते खऱ्या अर्थाने त्याचे किंवा तिचे. पहिल्या मिळकतीची पदरची रक्कम त्यातून यावी. कर वाचवण्यासाठी उत्पन्न कमी दाखवायचे आणि कर्जासाठी ते जास्त असावे असे वाटायचे, या दोन इच्छा एका वहीत मावत नाहीत.

माझा स्वतःचा ठोकताळा असा : हप्ता आणि निव्वळ भाडे यांतील फरक तरुणाच्या स्वतःच्या, विवरणपत्रात दाखवलेल्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक नसावा, आणि किमान बारा हप्त्यांची रक्कम मुदत ठेवीत बाजूला असावी, जिला हंगामातही हात लावायचा नाही. कर्जाएवढा साधा मुदत विमाही असावा. व्याजदर बदलता असेल तर वैयक्तिक गृहकर्जाची मुदतपूर्व फेड करताना दंड लागत नाही. ज्या वर्षी पेढीला चांगला नफा होईल त्या वर्षी थोडी रक्कम मुद्दलात भरावी. पहिल्या पाच वर्षांत भरलेले एक-दोन लाख शेवटच्या कित्येक हप्त्यांना वाचवतात.

या ठिकाणी पाचव्या अणुव्रताची आठवण होते. श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत आपण प्रवचनात ऐकतो आणि घरी येताना विसरतो. परिग्रहाच्या वस्तूंची जी परंपरागत गणना आहे तिची सुरुवातच क्षेत्र आणि वास्तू यांनी होते : मोकळी जमीन आणि बांधलेली इमारत. सोने-चांदी त्यानंतर येते. व्रतात 'घेऊ नका' असे म्हटलेले नाही. 'किती, हे आधी ठरवा' असे म्हटले आहे. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची दृष्टी याहून फारशी वेगळी नसते. बँक आपल्याला किती देऊ शकते हा आकडा बँकेच्या सोयीचा असतो. आपण किती घ्यावे हा आकडा घरात, चार माणसांत बसून, जागा पाहायला जाण्यापूर्वी ठरावा. नमुना सदनिका पाहून आल्यावर ठरवलेली मर्यादा ही मर्यादा नसते.

आता रोखीविषयी. हा विषय टाळून या सदरात पुढे जाता येणार नाही. विकणारा म्हणतो, "५० पैकी ३८ कागदावर, १२ रोख." तरुणाला वाटते मुद्रांक वाचला. काय वाचले ते पाहू. १२ लाखांवर ७ टक्क्यांनी ८४ हजार वाचले. पण बँक आता ३८ लाखांच्याच ८० टक्के, म्हणजे ३० लाख ४० हजार देणार. घराच्या किमतीपोटी पदरचे १० लाख लागणार होते, ते झाले १९ लाख ६० हजार. पुढे विकताना खरेदी किंमत ३८ लाखच धरली जाणार; त्या १२ लाखांवर दीर्घकालीन भांडवली नफ्याचा साडेबारा टक्के कर, म्हणजे दीड लाख. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा अधिक रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि देणाऱ्याला ती रोख आली कोठून हे सांगावे लागते. शिवाय कागदावरची किंमत रेडी रेकनरच्या मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून खाली गेली, तर तो फरक खरेदीदाराचेच उत्पन्न समजून त्यावर कर लागू शकतो. धर्माची बाजू मी सांगायला नको. नुसता व्यापार म्हणून पाहिला तरी हा सौदा तोट्याचा आहे. विकणारा रोखीशिवाय तयार नसेल तर ती जागा सोडावी.

नाव कोणाचे, यावर आपल्या घरांत नंतर जेवढे वाद होतात तेवढे किमतीवर होत नाहीत. दोघे चुलत भाऊ मिळून घेतात, एकाचे नाव पुढे, दुसऱ्याचे नुसते मनात. आज प्रेम आहे. उद्या दोघांची लग्ने होतील, सुना येतील, पेढीची वाटणी होईल. कोणाचा किती पैसा याचा पुरावा नसेल तर कायदा हिस्से समान मानतो. म्हणून ज्याने जेवढे दिले तेवढा हिस्सा करारातच टक्क्यांत लिहावा आणि प्रत्येकाची रक्कम त्याच्याच खात्यातून जावी. एकत्र कुटुंबाच्या पैशातून घेत असल्यास तसे लिहावे, म्हणजे पुढे ती एकाची खासगी की सर्वांची हा प्रश्न उरत नाही. मुनीमाच्या किंवा दूरच्या नातलगाच्या नावावर तर काहीच घेऊ नये. बेनामी व्यवहारांचा कायदा २०१६ च्या दुरुस्तीनंतर फार कडक झाला असून मिळकत जप्त होण्याबरोबर कारावासाचीही त्यात तरतूद आहे.

केवळ महिलेच्या नावावर निवासी सदनिका घेतल्यास राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. ती पाहून पत्नीचे नाव लावणारे पुष्कळ. पतीने सगळे पैसे दिले असतील तर आयकरासाठी त्या भाड्याचा मालक पतीच धरला जातो, हे लक्षात ठेवावे. मुलीच्या नावे, तिच्याच कमाईतून, तिच्या लग्नाआधी एक छोटी मिळकत व्हावी, असे मात्र मला मनापासून वाटते. आपल्याकडे मुलीसाठी सोने साठवतात. तिच्या विवरणपत्राचा विचार कोणी करत नाही.

कागदपत्रांबाबत एक गैरसमज इतका घट्ट रुजला आहे की तो मी सेवाकाळात रोज ऐकत असे : "बँकेने कर्ज दिले, म्हणजे जागा स्वच्छच असणार." बँकेच्या यादीवरील वकील तीस वर्षांचा शोध घेतो तो बँकेसाठी. जागेत पुढे दोष निघाला तरी बँकेकडे कर्जदार आहे, जामीनदार आहे, त्यांचे उत्पन्न आहे. आपल्याकडे फक्त ती जागा असते. त्यामुळे आपला वकील वेगळा असावा. त्याचे शुल्क हा या सगळ्या व्यवहारातला सर्वांत स्वस्त खर्च आहे. महारेराच्या क्रमांकाचेही तसेच. क्रमांक म्हणजे नोंदणी, हमी नव्हे. त्या संकेतस्थळावर मात्र पाहण्यासारखे पुष्कळ असते : प्रकल्प पूर्ण करण्याची मूळ तारीख आणि वाढवलेली तारीख, जमिनीवरील बोजा, चालू दावे, किती सदनिका विकल्या गेल्या. रेरा कायद्याने विकासकाला नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या पैशातील ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. 'आज वीस टक्के भरा, करार नंतर करू' असे कोणी म्हणाला तर त्याच्या बाकीच्या आश्वासनांचीही किंमत कळली. बांधकामातील सदनिकेवर साधारणपणे ५ टक्के जी.एस.टी. लागतो, तयार सदनिकेवर लागत नाही. पहिल्याच खेपेला तयार जागा घ्यावी या माझ्या मताला हे आणखी एक कारण. जुनी सदनिका घेताना पहिल्या मालकापासूनच्या दस्तांची साखळी, सोसायटीचे भाग प्रमाणपत्र, मूळ कागद कोणाकडे आहेत ते पाहावे. किंमत ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर १ टक्का कर कापून भरणे हे खरेदीदाराचे काम आहे. विकणारा अनिवासी असेल तर कपातीचे नियम अगदी वेगळे आणि कडक असतात, तेथे सल्ल्याशिवाय धनादेश लिहू नये.

भूखंडाचा मोह आपल्या लोकांना फार. महामार्गालगत दोन-दोन गुंठे, फाटकाला कमान, आत फ्लेक्स, आणि कागद विचारला तर सामाईक सात-बारा. जो कायद्याच्या दृष्टीने शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही; तुकडेबंदीचे नियम वेगळे; आणि सात-बारावर 'भोगवटादार वर्ग-२' असे असेल तर ती जमीन मालकालाही मोकळेपणाने विकता येत नाही. मंजूर रेखांकन, अकृषिक परवानगी आणि स्वतंत्र उतारा हे तिन्ही हातात असल्याखेरीज विसार देऊ नये. बँकांच्या लिलावातील मिळकती स्वस्त दिसतात, पण त्या 'जशी आहे, जेथे आहे' या अटीवर असतात, पाव रक्कम लगेच आणि उरलेली साधारण पंधरा दिवसांत भरावी लागते, कब्जा आणि जुनी थकबाकी यांचे झंझट वेगळे. तो अनुभवी माणसाचा खेळ आहे.

व्यापाऱ्याच्या मुलाने पहिली मिळकत म्हणून सदनिकेआधी एका जागेचा विचार करावा असे मला वाटते : आपली पेढी आज ज्या गाळ्याचे किंवा गोदामाचे भाडे भरते ती जागा, किंवा तिच्या शेजारची. भाडेकरू शोधावा लागत नाही, भाडे किती हे वर्षानुवर्षे ठाऊक, जागेचे गुणदोष माहीत. पेढीने मुलाला बाजारभावाने भाडे द्यावे, तेही बँकेतून. व्यापारी जागेवर कर्जाचे प्रमाण कमी आणि व्याज थोडे अधिक असते, भाड्यावरील जी.एस.टी.चा विचारही करावा लागतो. तरीही हप्ता आणि भाडे यांतील दरी येथे बरीच कमी भरते, आणि घरमालकाने गाळा रिकामा करायला सांगण्याची टांगती तलवार कायमची जाते. वडिलांनाही हा बेत लवकर पटतो.

सदनिका घेऊन भाड्याने दिलीच, तर परवाना करार नोंदणीकृत हवा. ओळखीतला, समाजातला, मंदिरात रोज भेटणारा भाडेकरू असला तरी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर पडतो. सोसायटी बिगरभोगवटा शुल्क मागेल. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक घेता येत नाही. कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, बँकेमुळे उशीर झाल्यास दर दिवशी पाच हजार रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेला आदेश आहे. कर्ज घेताना जे जे मूळ कागद बँकेत जमा केले त्यांची यादी शाखेच्या शिक्क्यासह घ्यावी आणि ती पेढीच्या फायलींत न ठेवता घरच्या कपाटात ठेवावी.